सिंक चालू आहे म्हणजे बॅकअप झाला असं नाही

‘माझे सगळे फोटो क्लाउडवर आहेत, बॅकअपची काळजी नाही.’ हे इतक्या जणांकडून ऐकलंय की आता सविस्तर लिहायलाच हवं. क्लाउडवर फोटो असणं चांगलंच. पण बहुतेकांकडे असतं ते सिंक.

सिंक तुम्ही रोज वापरता. फोनवर काढलेला फोटो लॅपटॉपवर आपोआप दिसतो, एवढंच.

गोची आहे ती डिलीट करण्यात. नवा फोटो जसा सगळीकडे पोचतो, तसं डिलीट करणंही सगळीकडे पोचतं. फोन भरला म्हणून गूगल फोटोजमधून लग्नाचे फोटो उडवले, तर ते फोनवरून जातात आणि क्लाउडवरूनही. ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतात, मग कायमचे गेले. लोकांना ते आठवतात थेट लग्नाच्या पुढच्या वाढदिवसाला. नुसती फोनवरची जागा हवी असेल तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे, तोच वापरा. या अ‍ॅपमध्ये सिंकच्या बटणालाच ‘बॅकअप’ नाव दिलंय, याचा मला मनस्वी राग आहे.

बिघाडही असाच पसरतो. आजोबांच्या पत्रांच्या स्कॅनवर त्याच नावाची दुसरी फाइल सेव्ह झाली, किंवा रॅन्समवेअरने (फाइली लॉक करून पैसे मागणाऱ्या व्हायरसने) फोल्डर लॉक केलं, की थोड्याच वेळात क्लाउडवरही तीच खराब प्रत. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात जुनी आवृत्ती 30 दिवसांपर्यंतच परत मिळते.

बॅकअप म्हणजे तुम्ही आज काहीही केलंत तरी न बदलणारी, त्या दिवशीची प्रत. त्यासाठी माझी पसंती साध्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कला. महिन्यातून एकदा जोडायची, तारीख घालून नवं फोल्डर करायचं, कॉपी करायचं, चार-पाच फाइली उघडून बघायच्या आणि डिस्क काढून कपाटात ठेवायची. कायम जोडलेली डिस्क मी बॅकअपमध्ये धरत नाही, कारण व्हायरस तिच्यापर्यंतही पोचतो. पेन ड्राइव्हवर तर भरवसा ठेवूच नका.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 नियम घरच्या फोटोंनाही पुरेसा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणून क्लाउड खुशाल धरा, पण डिस्कच्या जोडीला. कॉपीसाठी एखादं सॉफ्टवेअर घेतलंत तर त्यातला ‘मिरर’ पर्याय टाळा. लॅपटॉपवर नसलेल्या फाइली तो डिस्कवरूनही काढून टाकतो.