बरगडी शिजली म्हणजे झाली असं नाही

रश्श्याच्या मटणाला 'शिजलं काय?' हा एकच प्रश्न पुरतो. कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, त्यामुळं मांस खायला सुरक्षित होणं आणि मऊ होणं यांत फारसं अंतर उरत नाही. डुकराच्या बरगड्या धुरावर लावल्या की मात्र या दोन गोष्टींत काही तासांचं अंतर पडतं. बेळगाव-खानापूरकडं गोव्याशी येणं-जाणं असल्यानं डुकराच्या मांसाचं सोरपोतेल नवं नाही, पण घरच्या ड्रममध्ये धुरी द्यायला लागलेले इथंच फसतात.

आधी सुरक्षिततेचं. डुकराच्या अखंड तुकड्याला अमेरिकेचं कृषी खातं आतून 63 अंश आणि नंतर तीन मिनिटं विसावा पुरेसा मानतं. मोकाट फिरलेल्या डुकराची शंका असेल तर मी 71 च्या आत समाधान मानत नाही. मांसात तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरट फोड दिसले तर ते पट्टकृमीचे असू शकतात. असलं मांस घ्यायचंच नाही.

63 अंशांवर उतरवलेली बरगडी पोटाला बाधणार नाही, दातांना मात्र झुंजवेल. हाडांमधला चिवट भाग कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचा असतो. तो 70 च्या पुढं हळूहळू विरघळतो आणि खरा मऊपणा 90 ते 95 ला येतो. ड्रम 110-120 वर धरला तर चार ते सहा तास जातात. मध्येच, साधारण 65 ते 75 च्या दरम्यान, पृष्ठभागावरचं पाणी उडत राहिल्यानं मांस गार होत राहतं आणि थर्मामीटरचा काटा हलेनासा होतो. इथं घाई करून कोळसे वाढवले की वरून करपतं, आत चिवट ते चिवटच.

रंगावर तर जाऊच नका. कडेची गुलाबी पट्टी धुरातल्या वायूंनी येते, तो कच्चेपणा नव्हे. थर्मामीटरही इथं अर्धवट कामाचा: हाडांमधलं मांस पातळ, टोक हाडाला टेकलं की आकडा चुकतो.

म्हणून चिमटा. बरगड्यांची सगळी पट्टी एका टोकाकडून तिसऱ्या हिश्शावर धरून उचला. फळीसारखी ताठ राहिली तर अजून वेळ आहे. ती वाकून वरचा थर तडकू लागला की उतरवा. उचलताच तुटली तर वेळ टळून गेली. हाडांची टोकं सेंटीमीटरभर उघडी पडणं ही नुसती चाहूल, तेवढ्यावर उतरवू नये.

हाडावरून मांस गळून पडलं की आपल्याकडं वाहवा होते. मला ते पटत नाही. तसंच हवं असेल तर सरळ कुकर लावावा. नीट झालेल्या बरगडीचा घास दातानं तोडावा लागतो, पण ओढावा लागत नाही.

लाकूड आंब्याचं किंवा पेरूचं, पण खडखडीत वाळलेलं. पावसाळ्यात ओलसर ढलप्या घातल्या तर दाट पांढरा धूर सुटतो आणि बरगडी कितीही मऊ झाली तरी कडू लागते.