गोव्यातल्या पेपरांचं पहिलं पान कोण लावतं?

गोव्यात एखाद्या पेपरच्या पहिल्या पानावरून वाद पेटतो, तेव्हा तक्रार बहुधा बातमी खोटी असल्याची नसते. तक्रार जागेची असते. आंदोलनाची बातमी आत पाचव्या पानावर सिंगल कॉलम आणि मंत्र्याचा वाढदिवस पहिल्या पानावर रंगीत, हे कोणी ठरवलं? हा प्रश्न इथे मोबाइल येण्याच्या कितीतरी आधीपासून विचारला जातोय.

सुरुवातीला उत्तर सोपं होतं: सरकारने. 1820 साली पोर्तुगालमध्ये उदारमतवाद्यांनी उठाव केला, त्या लाटेवर 22 डिसेंबर 1821 रोजी गोव्यातलं पहिलं वृत्तपत्र ‘गॅझेता द गोवा’ निघालं. छापखाना 1556 मध्येच आला होता, पण वृत्तपत्राला अडीचशेहून जास्त वर्षं थांबावं लागलं. आणि आलं तेही सरकारी, 1826 मध्ये बंदही पडलं. खासगी पत्रं नंतरची. ‘ओ उल्त्रामार’ 1859 मध्ये मडगावहून निघालं, ‘ओ हेराल्डो’ हे दैनिक 1900 मध्ये. संपादक गो. पुं. हेगडे देसाईंचं ‘भारत’ 1912 चं.

पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत पान संपादक लावायचा खरा, पण लावलेलं पान आधी सेन्सॉरच्या टेबलावर जायचं. लग्नपत्रिकासुद्धा मंजुरीशिवाय छापता येत नसे, ही गोष्ट गोव्यातली जुनी माणसं आजही सांगतात. या पोर्तुगीज सेन्सॉरशिपचा एक नियम मला फार बोलका वाटतो. कापलेल्या मजकुराची जागा कोरी ठेवायची नाही, दुसरं काहीतरी भरायचं. कोरी जागा दिसली तर वाचकाला कळेल ना, की इथे काहीतरी होतं!

19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला आणि तीनच महिन्यांत, 24 मार्च 1962 रोजी, चौगुले समूहाचा ‘गोमन्तक’ सुरू झाला. पुढच्या वर्षी धेंपो घराण्याचा इंग्रजी ‘नवहिंद टाइम्स’ आला, 1970 मध्ये त्यांचंच मराठी ‘नवप्रभा’. चौगुले आणि धेंपो ही दोन्ही नावं खाण व्यवसायातली. सेन्सॉर गेला, मालक आला, असं म्हणणं थोडं अन्यायाचं होईल, कारण या पेपरांनी गोव्याला पत्रकारांच्या आणि लेखकांच्या दोन-तीन पिढ्या दिल्या. पण खाणीच्या बातमीला कुठलं पान मिळतं याकडे वाचकाचं लक्ष तेव्हापासून लागलं, ते लागलंच. 2012 च्या सप्टेंबरात बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला, राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि 5 ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानेही ते बंद केलं. त्या दिवसांत बातमी वाचण्याआधी पेपर कोणाचा, हे बघणारे पुष्कळ होते.

पण पहिल्या पानाचा सर्वांत उघड वापर झाला तो त्याच्या कितीतरी आधी, 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलाच्या वेळी. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढाच प्रश्न. विलीनीकरणाला निशाणी फूल, वेगळं राहण्याला झाडाची दोन पानं. ‘गोमन्तक’ फुलाच्या बाजूने. मडगावचा ‘राष्ट्रमत’ दोन पानांच्या बाजूने, आणि गंमत म्हणजे तोही मराठीच! त्यातलं उदय भेंब्रे यांचं ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर विलीनीकरणाच्या विरोधात मराठीतच चालत होतं. साहजिक होतं ते. ज्याचं मत फिरवायचं, तो वाचक मराठी पेपर वाचणारा होता. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170.

बातमी आणि प्रचार यांतली रेघ तेव्हा दोन्हीकडे पुसट होती. राजभाषा कोंकणी की मराठी, या 1985 ते 87 च्या भाषावादात ती आणखी पुसली गेली. तोवर पोर्तुगीजचा इंग्रजी झालेला ‘हेराल्ड’ (जुना ‘ओ हेराल्डो’) कोंकणीकडे, मराठी दैनिकं मराठीकडे. कोणाचा मोर्चा मोठा, हे आपण कुठला पेपर घेतो यावर अवलंबून. तरीही मला तो काळ आजच्यापेक्षा प्रामाणिक वाटतो. कोण कुठल्या बाजूला उभा आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि ज्याला दुसरी बाजू हवी असेल तो दुसरा पेपर विकत घेत होता.

आता बाजू कळणंच अवघड झालंय. पहिलं पान उलगडावं तर आधी जॅकेट: पूर्ण पान जाहिरात, वर नेहमीचंच मास्टहेड, म्हणजे पेपरच्या नावाची पट्टी. ते उलटलं की अर्ध्या पानाचा फ्लॅप. मग कुठे बातम्यांचं पहिलं पान, तिथेही मास्टहेडच्या दोन्ही ‘कानां’त, म्हणजे डाव्या-उजव्या कोपऱ्यांत, जाहिराती. जाहिरातीतून पैसा येणं यात गैर काही नाही. 1966 पर्यंत लंडनचा ‘टाइम्स’सुद्धा पहिल्या पानावर छोट्या जाहिरातीच छापत होता. पण त्या जाहिराती जाहिरातींसारख्या दिसायच्या. बातमीच्याच टाइपात, बायलाइन (बातमीदाराचं नाव) लावून येणारी उमेदवाराची स्तुती ही वेगळी चीज. 2009 च्या निवडणुकांनंतर प्रेस कौन्सिलने पेड न्यूजची चौकशी केली, पण नावांनिशी तयार झालेला 71 पानी अहवाल बाजूला ठेवून 2010 मध्ये छोटी आवृत्ती तेवढी स्वीकारली.

गोव्यासारख्या छोट्या राज्यात तर मोठा जाहिरातदार म्हणजे पुन्हा सरकारच. आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक ओळ वर्षानुवर्षं छापून येत राहिली: पीआरबी (प्रेस अँड रजिस्ट्रेशन ऑफ बुक्स) कायद्यानुसार बातम्यांच्या निवडीची जबाबदारी संपादकाची. तो कायदा 1867 चा, 2024 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. जॅकेटवर काय जाणार हे मात्र त्या ओळीतल्या माणसाला बहुतेक वेळा संध्याकाळी जाहिरात विभागाकडून कळतं.