पक्षाघातानंतरचे नैराश्य: मन खचते की मेंदू?

‘एवढा मोठा आघात झाल्यावर माणूस खचणारच,’ असे पक्षाघाताच्या (स्ट्रोकच्या) रुग्णाबद्दल इतक्या सहजपणे म्हटले जाते की, त्याच्या नैराश्याकडे स्वतंत्र आजार म्हणून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. परंतु पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनाच पुढे कधीतरी नैराश्य येते. मग बाकीचे त्यातून कसे सुटतात?

ज्यांचा आघात तीव्र होता, ज्यांना सदऱ्याचे बटण लावायलाही दुसऱ्याचा हात लागतो, ज्यांना पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे, ज्यांची स्मरणशक्ती व आकलन मंदावले आहे आणि ज्यांना जवळच्या माणसांचा आधार नाही, त्यांना धोका अधिक असतो. वय आणि लिंग यांबाबतचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढच्या भागाला इजा झाली की नैराश्य येते, हे मत दीर्घकाळ प्रचलित होते; मात्र २००० साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा त्याला आधार मिळाला नाही.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते ते दाहाशी जोडलेले स्पष्टीकरण. रक्तपुरवठा तुटून चेतापेशी मरू लागल्या की आसपासच्या रोगप्रतिकारक पेशी सायटोकाइन नावाची प्रथिने सोडतात आणि ही प्रथिने एका विशिष्ट विकराला (एन्झाइमला) चेतवतात. आहारातील प्रथिनांमधून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर सेरोटोनिन हे मनःस्थितीशी जोडले जाणारे रसायन बनवते, हे अनेकांना ठाऊक असेल. पण ट्रिप्टोफॅनचा बराच मोठा वाटा एरवीही कायन्युरेनिन नावाच्या दुसऱ्या पदार्थाकडे जातो. चेतवलेले विकर नेमकी हीच दुसरी वाट रुंद करते. परिणामी सेरोटोनिनसाठी कच्चा माल कमी उरतो, एवढेच नव्हे, तर कायन्युरेनिनपासून पुढे तयार होणारे क्विनोलिनिक आम्ल चेतापेशींना अतिउत्तेजित करून त्यांना इजा पोहोचवू शकते. सर्व रुग्णांच्या नैराश्याचा उलगडा या एकाच साखळीने होत नाही. तरीही ज्याला आपण ‘धीर सोडणे’ म्हणतो, त्यामागे रसायनांचा किती हात असू शकतो, हे तिच्यावरून लक्षात येते. म्हणूनच रुग्णाला ‘इच्छाशक्ती वाढव’ असे बजावणे मला अन्यायाचे वाटते, आणि ‘सेरोटोनिन वाढवणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिराती तर निव्वळ दिशाभूल करणाऱ्या वाटतात.

मग सर्वांनाच आधीपासून नैराश्यविरोधी औषध का देऊ नये? ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फोकस’ चाचणीत निम्म्या रुग्णांना सहा महिने फ्लुऑक्सेटिन दिले गेले. नव्याने नैराश्य येण्याचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर आले; पण दैनंदिन कामे करण्याची क्षमता सुधारली नाही आणि हाडे मोडण्याचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. त्यामुळे सरसकट औषध देण्यापेक्षा धोका असलेल्यांना वेळीच ओळखणे महत्त्वाचे ठरते.

ही ओळख सर्वांत कठीण होते ती वाचाघात झालेल्या रुग्णांत, कारण नेहमीच्या चाचण्या रुग्णाच्या उत्तरांवर चालतात आणि त्याच्याकडे तर शब्दच उरलेले नसतात. त्यांच्यासाठीच्या प्रश्नावल्या काळजी घेणाऱ्या व्यक्तीने भरायच्या असतात: त्याला मध्येच रडू कोसळते का, रात्री तो अस्वस्थ असतो का, आपण बोलत असताना तो नजर टाळतो का?