पावसानंतर, वेचणीआधी: खान्देशातल्या लेकरांचे शरदाचे दिवस

खान्देशात शरद ऋतू उकाड्याने सुरू होतो. पाऊस ओसरला की तापी-गिरणेच्या पट्ट्यात ऊन असं चटकतं की दुपारी लेकरांना बाहेर सोडवत नाही. दिवस कलला की हवा पालटते. त्यामुळे इथले या दिवसांतले बहुतेक सोहळे संध्याकाळनंतरचे आहेत: गुलाबाईची गाणी दिवेलागणीला, रथाआधीची वहनं, म्हणजे देवाच्या वाहनांच्या मिरवणुका, अंधार पडल्यावर, कोजागिरीचं दूध तर थेट मध्यरात्री. लहान मुलं एवढ्या उशिरापर्यंत कशी जागतात, असं बाहेरच्या पाहुण्याला वाटतं. ती दुपारी झोपलेली असतात.

या सणांची वेळ ठरवली ती पंचांगाने, पण त्यांना मोकळीक दिली ती शेतीने. भाद्रपद सरता सरता निंदणी-कोळपणी संपलेली असते, ज्वारी-बाजरी दाण्यावर आलेली असते आणि कपाशीची बोंडं अजून पुरती उमललेली नसतात. घरातल्या बाईला थोडी उसंत मिळते ती एवढ्याच दिवसांत. एकदा कापूस फुटला की आई पहाटे शेतात जाते आणि लेकरू तिच्यासोबत बांधावर, नाहीतर आजीजवळ. पहिल्या वेचणीआधी शेतात सीतादही करतात. कपाशीच्या झाडाशी पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवला की वेचायला सुरुवात. गुलाबाई, नवरात्र, कोजागिरी हे सगळं जुन्या हिशेबाने या सीतादहीच्या अलीकडे-पलीकडे बसायचं.

हा हिशेब आता बिघडला आहे. ज्यांच्याकडे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आहे ते मे अखेरीसच पूर्वहंगामी कपाशी लावतात. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत तीच सगळीकडे झाली. पूर्वहंगामी शेतात घट बसण्याच्या सुमारास वेचणीला माणसं लागतात. त्यात अधिक महिन्याची भर. 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि कोजागिरी 28 ऑक्टोबरला गेली. 2025 मध्ये ती 6 ऑक्टोबरलाच होती. शाळेची सहामाही आणि दिवाळीची सुटी इंग्रजी तारखांच्या आसपास, सण तिथीवर, वेचणी पावसावर. या तिघांची गाठ पडली तर लेकरांची चंगळ, नाहीतर गुलाबाईसमोर चारच पोरी.

गुलाबाईबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण खान्देशातला खास लहान मुलींचा सण म्हणावा असा हाच. विदर्भात हिला भुलाबाई म्हणतात, आपल्याकडेही काही घरांत म्हणतात. देशावरच्या भोंडल्याशी आणि हादग्याशी नातं आहेच, पण तिकडे पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात, तर इकडे मातीची रंगवलेली जोडमूर्ती असते: गुलाबाई आणि गुलोजी, म्हणजे पार्वती आणि शंकर. भाद्रपद पौर्णिमेला मूर्ती घरात येते, कोजागिरीपर्यंत महिनाभर राहते आणि मग नदी-विहिरीत विसर्जन. पार्वती महिनाभर माहेरी आली आहे, अशी ही कल्पना. गणपतीच्या कामातून मोकळे झालेले कुंभार याच मूर्तींकडे वळतात. कोनाड्यात किंवा चौरंगावर मूर्ती मांडायची, ज्वारीच्या ताटांचा मखर करायचा आणि संध्याकाळी गल्लीतल्या मुलींनी टिपऱ्या घेऊन घरोघरी फिरायचं.

गाण्यांचा विषय मात्र लहान मुलींचा नाही. सासूची कुरकुर, नणंदेचा तोरा, माहेरी न्यायला कोण आलं याची चौकशी, गुलाबाईचे डोहाळे, मग बाळंतपण आणि पाळणा. पाच-सहा वर्षांची पोरगी हे ठेक्यात म्हणत असते तेव्हा ऐकणाऱ्याला हसू येतं. पण ज्या काळात ही गाणी रुळली त्या काळात दहा-बारा वर्षांच्या मुलीचं लग्न होणं नवलाचं नव्हतं. मुलींसाठी चौदा वर्षांची मर्यादा घालणारा शारदा कायदा 1929 चा, आणि तो गावोगाव पाळला जायला आणखी किती तरी काळ लागला. तेव्हा टिपऱ्या वाजवणाऱ्या मुलींतली एखादी पुढच्या भाद्रपदात खरोखर सासरी असायची आणि एखादी खरोखर माहेरी आलेली असायची. गाण्यातली सासू त्यांच्या अगदी पुढ्यात होती. आजच्या मुलींना ती मालिकांतून माहीत.

लेकरांचं खरं लक्ष गाण्यांपेक्षा खिरापतीवर. ज्या घरी गाणी झाली त्या घरच्या बाईने झाकलेला डबा आणून हलवायचा आणि आत काय आहे ते मुलींनी ओळखायचं. आवाजावरून मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे ओळखू येतात. मग हुशार बाया डब्यात खडखड न होणारं काहीतरी ठेवतात, किंवा फसवायला वर एक चमचा टाकतात. अहिराणी घरातली आजी डबा कानाशी नेत विचारते, "वळख बरं, डबामा काय शे?" गोड की तिखट, तळलेलं की भाजलेलं, असे प्रश्न विचारत मुली जवळ येत जातात. ओळखेपर्यंत खाऊ मिळत नाही. भाऊ दाराशी उभे. त्यांना गाण्यात जागा नाही, वाटपात मात्र हात आधी त्यांचा पुढे.

जळगावात आता भुलाबाई महोत्सव होतात, मंचावर शाळांचे गट एकसारख्या नऊवारीत उतरतात, क्रमांक निघतात. गाणी त्यामुळे टिकतात हे खरंच आहे. फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या कितीतरी मुलींनी ती तिथेच पहिल्यांदा ऐकली. पण मंचावर डबा हलवता येत नाही. चार-पाच वर्षांच्या मुलीसाठी गुलाबाई करायची असेल तर स्पर्धेपेक्षा सोसायटीतली तीन घरं आणि तीन डबे पुरतात, असं माझं मत आहे.

कोजागिरीला घरातली सगळी जण वर जातात. 'वर' म्हणजे धाब्यावर. पाऊस बेताचा असल्याने खान्देशात मातीच्या सपाट छपरांची, धाब्याची घरं चालली. लाकडी पाट्यांवर माती दाबून केलेलं ते छप्पर उन्हाळ्यात झोपायला, दिवाळीआधी डाळी-पापड वाळवायला आणि कोजागिरीला दूध आटवायला कामी यायचं. आता स्लॅब आले, तरी चंद्रप्रकाशात पातेलं ठेवायची जागा तीच. लेकरांना दूध मिळेपर्यंत जागं ठेवणं हा सोहळ्याचा निम्मा भाग. त्याच पौर्णिमेला वणीच्या सप्तशृंग गडावर कावडीवाले ठिकठिकाणच्या नद्यांचं पाणी घेऊन पोचतात. खान्देशातल्या असंख्य घरांचं ते कुलदैवत. पायी जाणाऱ्यांचा मोठा लोंढा मात्र चैत्रातला.

देवीच्या दारी जाणं हीच इथल्या बाळाची पहिली सहल असायची. जाऊळ काढायचं ते कुलदैवतासमोर, नवस बोलला असेल तर मानताही तिथेच फेडायची. बैलगाडीत स्वयंपाकाचं सामान, दोन-तीन घरं मिळून, रात्रीचा मुक्काम. धुळ्यात पांझरेच्या काठची एकवीरा, यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याची मनुदेवी, चाळीसगावजवळची पाटणादेवी: नवरात्रात या तिन्ही ठिकाणी यात्रा भरते. 'सहल' म्हणून निराळं काही नव्हतंच. देवाला जायचं, आणि वाटेत जे दिसेल ते बघायचं.

वाटेत दिसणारं थोडंथोडकं नाही. मनुदेवीच्या मागे डोंगरावरून धबधबा पडतो आणि पाऊस चांगला झाला असेल तर नवरात्रातही वाहता असतो. देवीच्या कथेत गवळी राजा ईश्वरसेन येतो. नाशिकच्या लेण्यांतल्या शिलालेखात तिसऱ्या शतकातल्या एका आभीर, म्हणजे अहिर, राजाचं नाव हेच आहे. दोन्ही एकच माणूस आहेत असं सिद्ध करता येणार नाही, पण अहिरांच्या या मुलखात लोकांनी नेमकं तेच नाव धरून ठेवावं, ही गोष्ट मला फार आवडते.

पाटणादेवी तर शाळकरी मुलांसाठी खजिनाच. 1986 मध्ये जाहीर झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या कुशीत हे देऊळ आहे, भोवती डोंगरांचा अर्धगोल, वरच्या अंगाला पितळखोऱ्याची बौद्ध लेणी. पाटण गावात संशोधक भाऊ दाजी लाड यांना 1865 मध्ये एक शिलालेख मिळाला. गणिती भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्याच्या राजांनी त्याला देणगी दिली, असं त्यात कोरलेलं आहे. साल शके 1128, म्हणजे इ.स. 1206-07. गणिताच्या शिक्षणासाठी राजाने पैसे दिल्याचा दगडी पुरावा जिथे सापडला, तिथे मुलं बहुतेक वेळ माकडांकडे बघण्यात घालवतात. घालवू द्यावा, फक्त हातात केळी देऊ नयेत. यात्रेच्या गर्दीत लहानग्यांना नेण्यापेक्षा दसरा ते दिवाळी यांमधला साधा वार निवडावा, सकाळी लवकर जावं आणि उन्हाचा कडाका वाढायच्या आत परतावं. धुळ्याच्या बाजूला राहणाऱ्यांना हेच लळिंगच्या किल्ल्यावर जमतं. फारुकी काळातला हा किल्ला महामार्गालगत आहे आणि पावसानंतर त्याचा डोंगर महिनाभर तरी हिरवा असतो.

रथ हे सगळ्यात मोठं आकर्षण. दसऱ्यानंतर पारोळा, शिरपूर, धुळे इथे बालाजीचे रथ निघतात. त्याआधीचे नवरात्राचे दिवस वहनांचे. जळगावचा रथ रामाचा आणि महिनाभर उशिराचा, कार्तिकी एकादशीचा. जुन्या जळगावातल्या श्रीराम मंदिर संस्थानाचे अप्पा महाराज यांनी तो 1872 मध्ये सुरू केला. तो काळ लक्षात घ्यायला हवा. अमेरिकेतल्या 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, खान्देशी कापसाचे भाव चढले, त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत आली आणि जळगाव कापसाची पेठ म्हणून वाढू लागलं. गावं सोडून पेठेत आलेल्या माणसांना एकत्र येण्यासाठी एक दिवस हवा होता, आणि कार्तिकात तर कापूस विकून हातात पैसाही असायचा. रथ सुरू होण्याचं कारण हेच असं मी म्हणत नाही, तो भक्तीनेच निघाला. पण तो दीडशे वर्षं एवढ्या थाटाने चालला त्यामागे ही पेठ आहे.

रथाला इंजिन नाही की बैल नाहीत. माणसं दोर ओढतात, आणि वळणावर, उतारावर चाकाखाली लाकडी मोगरी लावून त्याला आवरतात. मोगरी लावणाऱ्यांचं कसब पाहण्यासारखं असतं, कारण चूक करायला जागाच नसते. भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी रथ थांबतो, हीदेखील जुनीच रीत. रथाच्या दिवशी मात्र लहान मूल घेऊन गर्दीत शिरू नये. त्याऐवजी आधीच्या दिवसांतली वहनं दाखवावीत: कार्तिक प्रतिपदेपासून रोज रात्री निराळं वाहन, कधी घोडा, कधी हत्ती, कधी सिंह, कधी गरुड, आणि ते गल्लीतून अगदी दारासमोरून जातं. आज कोणतं येणार, यावर पोरांच्या पैजा लागतात.

नंदुरबारकडे शरदाचं चित्र वेगळं. दिवाळीच्या सुमारास तळोद्याहून आदिवासी तरुणांचे जथे अस्तंब्याच्या यात्रेला निघतात. 1325 मीटर उंचीच्या त्या शिखरावर अश्वत्थाम्याचं स्थान मानतात. लहान मुलं अर्थात तेवढं चढत नाहीत, ती वाटेवर उभी राहून जाणाऱ्या-येणाऱ्यांना पाहतात. याच दिवसांत याच भागातून, तसंच चाळीसगाव-धुळ्याकडूनही, ऊसतोडीच्या गाड्या भरतात. साखर कारखान्यांचा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि आईबापांबरोबर लेकरंही गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात जातात, शाळेचं दुसरं सत्र इथे सुरू होतं तेव्हा ती फडात असतात. खान्देशातल्या मुलांच्या शरदाबद्दल लिहिताना ही मुलं गाळून चालणार नाही.

दिवाळी झाली, थंडीची चाहूल लागली की सणांची जागा भरीत घेतं. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मळ्यातल्या भरीत पार्ट्यांना कागदाची गरज कधीच नव्हती. मोठी हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजायची, सोलायची आणि लाकडी बडजीत ठेचायची. सोबत हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या. काड्या गेल्या हंगामाच्या असतात, बांधावर रचून ठेवलेल्या. काड्या आणून देणं आणि वांग्याचं साल सोलणं ही पोरांची कामं, बोटं काळी होतात म्हणून ती आवडतात. मिरची बडजीत पडायच्या आधी त्यांच्या वाट्याचं भरीत तेवढं बाजूला काढून ठेवावं.