क्वांटिटी सर्व्हेअर व्हायचंय? दहावीनंतरचा प्रवेश, पात्रता आणि कागदपत्रं

पॉलिटेक्निकच्या पर्यायांच्या यादीत ‘क्वांटिटी सर्व्हेअर’ ही शाखा शोधत बसू नका. या कामाचं नेहमीचं दार सिव्हिलचं आहे. नोकरीच्या जाहिरातीतही हे पद बहुतेक वेळा ‘बिलिंग इंजिनिअर’ किंवा नुसतं ‘क्यूएस’ म्हणून येतं. नकाशावरून माल आणि मजुरी मोजायची, टेंडरसाठी बीओक्यू (कामाच्या बाबी आणि त्यांच्या परिमाणांची यादी) तयार करायचा, चालू कामाची आरए (रनिंग अकाउंट, म्हणजे टप्प्याटप्प्याची) बिलं तपासायची, एक्स्ट्रा आयटमचा, म्हणजे मूळ करारात नसलेल्या कामाचा, दर बसवायचा, शेवटी फायनल बिल जुळवायचं, असं हे काम. आकडेमोडीची आवड आणि नकाशा वाचायची सवय असेल तर इथे चांगला जम बसतो.

दहावीनंतर तीन वर्षांच्या डिप्लोमासाठी किमान ३५ टक्के गुण लागतात. प्रवेश तंत्रशिक्षण संचालनालयाच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतून, दहावीच्या गुणांवर होतो. कोल्हापुरात विद्यानगरचं शासकीय पॉलिटेक्निक बहुतेकांच्या यादीत वरच असतं, पण तेवढं एकच नाव भरून थांबू नका. क्रम ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी (घरबसल्या किंवा सुविधा केंद्रात जाऊन), गुणवत्ता यादी, पर्याय भरणं, जागावाटप आणि कॉलेजात हजेरी असा आहे. पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की ती जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते आणि पुढच्या फेरीत जाता येत नाही. म्हणून जिथे खरोखर शिकायचं आहे तेच कॉलेज आणि तीच शाखा पहिली टाका. ‘बघू मिळतंय का’ म्हणून दुसरी शाखा वर टाकणारी मुलं दरवर्षी अडकतात.

गुणांपेक्षा जास्त प्रवेश कागदांवर अडतात. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि आधार तयार ठेवा. डोमिसाइल (रहिवासाचा दाखला) किंवा महाराष्ट्रात जन्म झाल्याचा पुरावाही लागू शकतो. आरक्षण घेणार असाल तर जातीचा दाखला लागतो. ज्या प्रवर्गांना नॉन-क्रिमिलेयरची अट आहे, त्यांनी त्याची मुदत नीट बघावी. तो त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध हवा. गेल्या वर्षीचा जुना दाखला जोडून पडताळणीत परत पाठवलेले अर्ज कमी नसतात. दाखल्यासाठी अर्ज केल्याची पावती दाखवून प्रवेशाचा अर्ज पुढे गेला, तरी मूळ दाखला मुदतीत आला नाही तर उमेदवार खुल्या प्रवर्गात मोजला जातो. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल तहसीलमधून आणि नॉन-क्रिमिलेयर प्रांत कार्यालयातून मिळतं. हे काम एप्रिलमध्येच उरकून घ्या.

निपाणी, बेळगाव भागातल्या मराठी मुलांसाठी वेगळी तरतूद आहे. वादग्रस्त सीमाभागातून दहावी झालेल्यांना तिथला रहिवास आणि मातृभाषा मराठी असल्याचे दाखले ठरलेल्या नमुन्यातच द्यावे लागतात. साध्या कागदावरचं पत्र चालत नाही.

फीचा भार कमी करायचा तर दोन वाटा आहेत. ट्यूशन फी वेव्हरच्या (शिक्षण शुल्क माफीच्या) जागांना वेगळा चॉइस कोड (पर्याय क्रमांक) असतो आणि तो पर्यायात स्वतंत्र भरावा लागतो. दुसरी वाट राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा आणि दरवर्षी नूतनीकरण करायचं. दोन्हीकडे कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख रुपये आहे. मॅनेजमेंट कोट्यातून प्रवेश घेतला तर ही शिष्यवृत्ती मिळत नाही. बँक खातं आधारशी जोडलेलं नसेल तर मंजूर पैसेही अडकतात, म्हणून अर्जाआधीच बँकेत जाऊन खात्री करा.

आयटीआयमध्ये दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन सिव्हिल केलेल्यांना डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात येता येतं. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाच्या पदवीसाठी ४५ टक्के, राज्यातल्या मागासवर्गीयांना ४० टक्के लागतात. तिथे आरक्षण हवं असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते महिन्याभरात निघेल असं धरून चालू नका. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातच जात पडताळणी समितीकडे अर्ज करा.

शिकताना एस्टिमेटिंग आणि कॉस्टिंग नुसतं पास होण्यापुरतं करू नका. मोजणीचे नियम आयएस १२०० या भारतीय मानकात आहेत आणि बिलाचे वाद तिथेच मिटतात. एक उदाहरण बघा. भिंत ४ मीटर लांब, ३ मीटर उंच, दोन्ही बाजूंना एकाच प्रकारचा गिलावा, मध्ये १ बाय २.१ मीटरचं दार. दोन्ही बाजू मिळून २४ चौरस मीटर. दाराचं क्षेत्र २.१, म्हणजे ०.५ ते ३ चौरस मीटरच्या मधलं. अशा वेळी वजावट एकाच बाजूची करायची आणि दाराच्या कडांचा गिलावा वेगळा धरायचा नाही. बिल होतं २१.९ चौरस मीटरचं. नवखा माणूस दोन्ही बाजू वजा करून १९.८ लिहितो आणि ठेकेदाराचं नुकसान करतो. सळईचं वजनही असंच हाताखाली हवं. व्यास मिलिमीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, १६२ ने भागा. १२ मिमीची सळई मीटरला ०.८९ किलो भरते. साइटवर वाळू अजून ब्रासमध्ये बोलतात, म्हणून १ ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर हेही तोंडपाठ ठेवा.

डिप्लोमा संपला की एनएटीएस या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करून एक वर्षाची अप्रेंटिसशिप घेता येते. आस्थापना निवडताना बिलिंगचं टेबल मिळणार का, हे आधी विचारा. सरकारी बाजूला कनिष्ठ अभियंता (स्थापत्य) पदाची वाट आहे. तिथे मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, प्रत्येक आकडा सहीनिशी लिहावा लागतो.

भारतात या कामासाठी परवाना सक्तीचा नाही. तरी आखातात किंवा मोठ्या कन्सल्टन्सीत जायचं असेल तर लंडनच्या आरआयसीएस या सर्व्हेअरांच्या व्यावसायिक संस्थेचं सदस्यत्व उपयोगी पडतं. त्यासाठीच्या एपीसी या व्यावसायिक पात्रतेच्या मूल्यमापनात ३००० शब्दांची केस स्टडी आणि ६० मिनिटांची मुलाखत असते. अनुभवाची नोंद पहिल्या नोकरीपासूनच ठेवा: प्रकल्प कोणता, कोणती बिलं तुम्ही स्वतः केली, कोणत्या दराचं विश्लेषण केलं, तारखेसकट. पाच वर्षांनी आठवून लिहिलेली नोंद मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडी पडते.