बटण दाबलं, पण ऐकतंय कोण?

एलईडी एक सेकंद चालू, एक सेकंद बंद. आर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) हातात आला की बहुतेकांचा पहिला प्रोग्राम हाच. मग त्याला एक बटण जोडायचं सुचतं आणि गंमत सुरू होते: बटण कधी लागतं, कधी नाही. मी आधी वायरी हलवून पाहिल्या, मग बटणच बदललं. दोष होता माझ्याच प्रोग्राममध्ये.

'डिले(1000)', म्हणजे '1000 मिलिसेकंद थांब', ही ओळ आली की आर्डुइनो उनोचा प्रोसेसर काही झोपत नाही. वेळ संपली का, एवढंच बघत तो जागच्या जागी घिरट्या घालतो. घड्याळ 16 मेगाहर्ट्झचं, म्हणजे 1 कोटी 60 लाख ठोके फुकट. त्या सेकंदात बटण दाबून सोडलंत, तर प्रोग्रामच्या लेखी ते दाबलंच गेलं नाही.

त्यापेक्षा घड्याळ बघत कामं करावीत. 'मिलिस' हे फंक्शन प्रोग्राम सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगतं. एलईडी शेवटचा कधी बदलला ती वेळ टिपून ठेवायची आणि लूपच्या (प्रोग्रामच्या पुन्हा पुन्हा चालणाऱ्या भागाच्या) दर फेरीला विचारायचं: आत्ताची वेळ वजा टिपलेली वेळ, 1000 झाली का? नसेल तर पुढे, बटणाकडे. अशा फेऱ्या सेकंदाला हजारो होतात, त्यामुळे बोट कितीही चपळ असलं तरी सुटत नाही.

पण लूप अशी चपळ झाली की बटणाची खोड उघडी पडते. आतल्या धातूच्या पट्ट्या टेकताना काही मिलिसेकंद थरथरतात आणि एकदाच दाबलेलं बटण चार-पाचदा दाबल्यासारखं दिसतं. इथे 'डिले(50)' टाकायचा मोह होतो; टाकू नका. बदल दिसला की वेळ टिपा, आणि बटण जोडलेली पिन पुढचे 30 मिलिसेकंद त्याच स्थितीत राहिली तरच तो खरा धरा. इंटरप्ट (पिन बदलताच चालू काम थांबवून तिकडे वळवणारी सोय) वापरा असंही कुणी सुचवेल, पण ही थरथर तिथेही पोचतेच.

आता, वजाबाकीच का? मिलिसचा आकडा 32 बिटांचा आहे. 4294967295 झाले, म्हणजे साधारण 49.7 दिवस उलटले, की तो शून्यावर येतो. 'टिपलेली वेळ अधिक 1000' अशी बेरीज करून तुलना करणारा प्रोग्राम तिथे गडबडतो. टिपलेली वेळ 4294967290 आणि आत्ताची 4 असेल, तरी अनसाइन्ड लाँगमधली (उणे न होणाऱ्या 32 बिटांच्या संख्यांमधली) वजाबाकी 10 देते. आणि तेवढेच मिलिसेकंद झालेले असतात.