वर्गमूळ ९ म्हणजे ±३? नाही, फक्त ३

नाशिकला कॉलेज रोड असो की सिडको, क्लासच्या वह्यांत हे सूत्र हमखास सापडतं: ‘√९ = ±३, म्हणून वर्ग करून आलेली दोन्ही उत्तरं ठेवा.’ दोन्ही गोष्टी चूक. क्ष² = ९ ची उत्तरं ३ आणि −३; पण √ हे चिन्ह फक्त ऋण नसलेलं मूळ दाखवतं.

√(क्ष + ६) = क्ष घ्या. वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ०, म्हणजे क्ष = ३ किंवा −२. मूळ समीकरणात −२ घाला: डावीकडे √४ = २, उजवीकडे −२. बाद! हा पाहुणा आला कुठून? वर्ग करताना चिन्ह पुसलं जातं, त्यामुळे √(क्ष + ६) = −क्ष याचंही उत्तर आत शिरतं. पडताळा हा म्हणूनच सोडवण्याचाच भाग. तो एका गुणासाठी लिहायचा उपचार नव्हे.

अपूर्णांकी घातांकात उलटं होतं, उत्तर हरवतं. क्ष चा २/३ घात = ४ असताना थेट ३/२ घात घेतला तर ८ एवढंच हाती लागतं. आधी घन करा: क्ष² = ६४, क्ष = ±८. −८ चं घनमूळ −२, त्याचा वर्ग ४. चालतं.